खमंगपणा बेरीतून येतो

लोणी कढत आले की घरभर जो वास सुटतो, त्याचे श्रेय आपण तुपाला देतो. दूध म्हशीचे होते, साय जाड होती, विरजण चांगले लागले होते, अशी कारणेही सांगतो. तूप गाळून झाल्यावर गाळणीत राहिलेली तपकिरी बेरी मात्र कुठे साखर घालून मुलांच्या हातावर ठेवली जाते, कुठे कणकेत मळली जाते आणि अलीकडे बऱ्याच घरांत भांड्यासोबत धुऊन टाकली जाते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा हिशेब उलटा आहे. तुपाच्या खमंगपणाचा मोठा वाटा ज्याने घडवला तो पदार्थ म्हणजे ती बेरीच, आणि तूप हे प्रामुख्याने तो सुगंध सामावून घेणारे माध्यम. ही गोष्ट एकदा ध्यानात आली की लोणी किती धुवायचे, आच कधी कमी करायची, भांडे कधी उतरवायचे आणि बेरीचे काय करायचे, या प्रश्नांकडे पाहण्याची रीतच बदलते.

आधी लोण्यात काय काय असते ते पाहू. भारतातील अन्नसुरक्षा नियमांनुसार टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असावा लागतो; पाणी १६ टक्क्यांपेक्षा आणि दुधातील इतर घनपदार्थ २ टक्क्यांपेक्षा जास्त असून चालत नाही. म्हणजे अर्धा किलो बटरमध्ये हे घनपदार्थ फार तर दहा ग्रॅम. त्यात मुख्यतः केसीनसारखी प्रथिने, लॅक्टोज ही दुधातली साखर, थोडे क्षार आणि फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्धसदृश रेणू असतात. बटर तापवताना रंग बदलतो तो या दहा ग्रॅमांचा, स्निग्धांशाचा नव्हे. याची खातरजमा कोणत्याही स्वयंपाकघरात करता येते. नीट गाळलेले, बेरीचा कणही नसलेले तूप पुन्हा मंद आचेवर ठेवले, तर ते बराच वेळ तापले तरी तपकिरी होत नाही; पिवळेपणा उलट थोडा फिकाच पडतो. त्याच तुपात चमचाभर स्निग्धांशविरहित दूधपावडर टाकली की काही मिनिटांत तळाशी बदामी कण दिसू लागतात आणि तोच ओळखीचा वास पुन्हा सुटतो. दूधपावडरीत निम्म्याच्या आसपास लॅक्टोज आणि तृतीयांशाच्या आसपास प्रथिने असतात. स्निग्धांश दोन्ही वेळा तोच होता. फरक पडला तो प्रथिने आणि साखर एकत्र आल्यामुळे.

या दोघांच्या भेटीतून जे घडते त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन लुई कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केले. अमिनो आम्ले आणि शर्करा एकत्र तापवल्या की मिश्रण तपकिरी होते, हे त्याने दाखवले. पुढे १९५३ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातील रसायनतज्ज्ञ जॉन हॉज यांनी या गुंतागुंतीच्या साखळीचा सुसंगत आराखडा मांडला. अन्नशास्त्राचे विद्यार्थी आजही तिथूनच सुरुवात करतात. लॅक्टोज ही या क्रियेत भाग घेऊ शकणारी शर्करा आहे, आणि केसीनमध्ये लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर असते. दोघांच्या संयोगातून आधी रंगहीन संयुगे तयार होतात, मग ती मोडतात, एकमेकांशी जुळतात, आणि त्यातून माल्टॉल, फ्युरॅनिऑल यांसारखे गोडसर भाजका वास देणारे रेणू निर्माण होतात. फ्युरॅनिऑल तर पिकलेल्या स्ट्रॉबेरीत आणि अननसातही असते. शेवटी मेलॅनॉइडिन नावाचे मोठे तपकिरी रेणू बनतात. हे मोठे रेणू तुपात विरघळत नाहीत, म्हणून रंग बेरीला चिकटून राहतो आणि तूप सोनेरीच राहते. लहान सुगंधी रेणूंपैकी पुष्कळ मात्र स्निग्धांशात सहज मिसळतात. बेरी गाळून काढल्यावरही तुपाला खमंग वास राहतो तो यामुळे. तेव्हा, गाळलेल्या तुपालाही वास असतो, मग तो तुपाचाच म्हणायला हवा, हा आक्षेप टिकत नाही. वास तुपात आहे हे खरे, पण तो तिथे आला बेरीकडून.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मायार अभिक्रिया १४० अंश सेल्सिअसला होते असे पाककृतींच्या पुस्तकांतून नेहमी वाचायला मिळते. तूप तर सहसा ११० ते १२० अंशांनाच कढवले जाते. मग ही अभिक्रिया तिथे होतेच कशी? गफलत १४० हा आकडा उंबरठा मानण्यात आहे. त्या तापमानाला ही क्रिया डोळ्यांसमोर, मिनिटांत घडण्याइतकी वेगवान होते, एवढाच त्याचा अर्थ. कमी तापमानाला ती थांबत नाही, रेंगाळते. याचा पुरावा मराठी स्वयंपाकात कायम समोर असतो. बासुंदीसाठी आटवलेले दूध शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही, तरी तासाभराने त्याला मंद बदामी छटा येते आणि वासही बदलतो. म्हणून मंद आचेवर सावकाश कढवलेले तूप आणि मोठ्या आचेवर पटकन तपकिरी केलेले बटर यांचा वास सारखा नसतो. वेळ आणि तापमान यांच्या वेगवेगळ्या मेळातून सुगंधी रेणूंचे वेगवेगळे प्रमाण हाती येते. आच वाढवून वेळ वाचतो, पण वाचलेल्या वेळेसोबत वासाची काही अंगेही जातात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. सगळाच सुगंध बेरीचा नसतो. दुधाच्या स्निग्धांशातच काही हायड्रॉक्सी आम्ले बांधलेली असतात. उष्णता आणि पाणी मिळाले की ती सुटतात आणि त्यांचे लॅक्टोन बनतात. तुपाच्या वासातली ओल्या खोबऱ्याकडे झुकणारी गोडसर मऊ छटा त्यांची. विरजणातले जिवाणू डायअ‍ॅसिटाइल तयार करतात, ताज्या लोण्याचा ओळखीचा वास त्याचा. तो उडून जाणारा असल्याने कढवताना बराचसा निघून जातो. मुक्त स्निग्धाम्लेही आपली भर घालतात. पण लोणी नुसते वितळवून, पाणी आणि घनपदार्थ वेगळे करून मिळवलेल्या शुद्ध दुग्धस्निग्धाचा वास आणि कढवलेल्या तुपाचा वास शेजारी ठेवून पाहिले, तर भाजल्याची, खमंगपणाची जी खूण आहे ती पहिल्यात सापडत नाही. वाद त्या खुणेपुरता आहे, आणि त्यापुरता बेरीचा दावा पक्का आहे.

यातून पुढे येणारा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा लोणी धुण्याचा आहे, आणि त्याचा विचार फारच कमी होतो. लोणी काढल्यावर ते दोन-तीन पाण्यांतून धुवावे, पाणी नितळ येईपर्यंत धुवावे, असे घरोघर शिकवले जाते. त्यामागे पक्के कारण होते. ताकाचा अंश राहिला तर लोणी लवकर आंबते, आणि फ्रीज नसताना आठवडाभराचे लोणी साठवून एकदम कढवायचे तर ते टिकणे आवश्यक होते. पण लॅक्टोज पाण्यात विरघळतो. प्रत्येक पाण्याबरोबर तो वाहून जातो, ताकातली प्रथिनेही जातात. म्हणजे आपण ज्याला स्वच्छ करणे म्हणतो त्यात खमंगपणाचा कच्चा मालच टाकून देतो. त्यातून दह्याच्या विरजणात जिवाणूंनी लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवलेला असतो, आणि आम्लता वाढलेली असते; आम्ल वातावरणात मायार अभिक्रिया मंदावते. (जिवाणूंनी काही गॅलॅक्टोज मागे ठेवले असेल तर ते मात्र लॅक्टोजपेक्षा चपळ असते, पिझ्झावरचे मोझरेला चीज पटकन तपकिरी होण्यामागे तेच आहे.) एकूण पाहता, गोड सायीपासून केलेले बाजारचे बटर घरच्या धुतलेल्या लोण्यापेक्षा लवकर आणि गडद का होते, याचे उत्तर इथे सापडते. लोणी त्याच दिवशी कढवायचे असेल तर एकदा पाण्यातून काढणे पुरेसे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. साठवायचे असेल, तर जुना नियम आजही योग्य.

आता आचेकडे वळू. लोण्यात पाणी आहे तोवर तापमान शंभरच्या आसपास अडकून राहते, कारण दिलेली सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. या काळात तडतड ऐकू येते, मोठे बुडबुडे उठतात. तडतड मंदावली म्हणजे पाणी संपत आले, आणि तिथून पुढची मिनिटे निर्णायक. स्निग्धांशाला तापण्यासाठी पाण्याच्या जेमतेम निम्मी उष्णता पुरते, आणि आता वाफेत खर्च होणारी उष्णताही उरलेली नसते. म्हणून तापमान झपाट्याने चढते. घनपदार्थ तळाशी बसलेले असतात आणि तळाचा धातू वरच्या तुपापेक्षा बराच गरम असतो. ढवळले नाही तर वर सोनेरी दिसत असताना खाली काळे झालेले असते. बारीक दाट फेस वर येऊन रंग झाकतो, तोही फसवतो. म्हणून काळ्या बुडाच्या कढईपेक्षा स्टीलचे पातेले बरे, पाणी संपले की आच अगदी बारीक हवी, आणि हवा तो रंग येण्याच्या थोडे आधीच भांडे उतरवून तूप दुसऱ्या भांड्यात ओतायला हवे. तापलेले बूड गॅस बंद केल्यावरही काम करतच राहते. बाजारच्या पिवळ्या बटरमध्ये बहुधा रंग घातलेला असतो, तिथे तुपाचा रंग पाहून काही कळत नाही. चमच्यावर घेऊन कणांचाच रंग पाहावा.

आरोग्याच्या अंगाने घेतले जाणारे आक्षेप टाळून चालणार नाही. तपकिरी म्हणजे जळलेले, आणि जळलेले म्हणजे अपायकारक, ही भीती अगदीच निराधार नाही. १९८७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तुपातील कोलेस्टेरॉलच्या ऑक्सिडीकृत रूपांकडे बोट दाखवून, परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयांमधील हृदयविकाराशी त्यांचा संबंध असू शकेल, अशी शंका मांडली गेली. मात्र ही रूपे वाढतात ती प्रामुख्याने तूप पुन्हा पुन्हा तापवल्याने, त्यात बराच वेळ तळण केल्याने आणि ते हवा-उजेडात साठवल्याने. एकदा बदामी रंगापर्यंत कढवणे आणि त्याच तुपात दिवसभर तळणे या एका मापाने मोजायच्या गोष्टी नाहीत. २००२ साली स्वीडनमधून गाजलेले, अपायकारक मानले जाणारे अ‍ॅक्रिलामाइड मुख्यतः बटाटा आणि धान्यांतल्या मुक्त अ‍ॅस्पॅराजिन या अमिनो आम्लापासून बनते. दुधाच्या घनपदार्थांत हे अमिनो आम्ल फारच थोडे. बेरीच्या बाजूने सांगण्यासारखेही काही आहे. भारतीय दुग्धशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच दाखवले की बेरीत ऑक्सिडीकरण रोखण्याची क्षमता असते, तिच्यात फॉस्फोलिपिडांचा मोठा वाटा आहे, आणि कढवण्याचे तापमान बदलले की ही क्षमताही बदलते. तूप खवट होण्याची क्रिया म्हणजे ऑक्सिडीकरणच. कढताना विड्याचे पान घालण्याच्या पद्धतीलाही असाच आधार आहे, कारण त्या पानातली फिनॉल वर्गातील संयुगे ऑक्सिडीकरण रोखण्याचेच काम करतात. हे सगळे सांगूनही काळ्या बेरीची बाजू मी घेणार नाही. काळी, कडू बेरी टाकूनच द्यावी. आणि बेरी चवीला हलकी लागली तरी तिच्यात तुपाचा अंश तृतीयांशापासून दोन-तृतीयांशापर्यंत असू शकतो, हे वजनाची काळजी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

फ्रेंच स्वयंपाकात हीच प्रक्रिया बेर न्वाझेत या नावाने चालते, फक्त ती थोड्या वरच्या तापमानाला आणि थोड्या वेळात उरकली जाते. फिनान्सिएसारख्या छोट्या केकमध्ये, माशांवर, भाज्यांवर हे तपकिरी बटर पडते, आणि कण बहुतेकदा त्यातच राहू दिले जातात. बेकिंगपुरती ही पद्धत आपण उचलायला हवी असे मला वाटते, कारण पाण्याकडे ओढ असलेले काही सुगंधी रेणू बेरीतच मागे राहतात आणि गाळणीबरोबर हातचे जातात. पाककृतीत तपकिरी बटर सांगितले असताना त्याऐवजी विकतचे गाळीव तूप वापरले की केक सपक लागतो, त्याचे कारण हेच.

फक्त पाण्याचा हिशेब सांभाळावा लागतो. शंभर ग्रॅम बटर कढवले की ८२ ते ८४ ग्रॅम उरते. गेलेले पाणी केकच्या पिठाला हवे असते, म्हणून तेवढे, म्हणजे साधारण पंधरा मिलिलिटर दूध किंवा पाणी, वेगळे घालावे. नानखटाईत मात्र ते मुळीच घालू नये. तिचा खुसखुशीतपणा मैद्याला पाणी न मिळाल्यानेच येतो. पाणी मिळाले की ग्लुटेनचे जाळे बनते आणि खटाई चिवट होते. नानखटाईसाठी कढवलेले बटर बेरीसकट थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत राहावे. तसेच सोडले तर बेरी तळाशी बसते आणि वर कणीदार तूप गोठते. ढवळत राहिल्यास ते लोण्यासारखे मऊ होते, फेसताना हवा धरते आणि बेरी प्रत्येक खटाईत सारखी पोचते. घरात लोणी नसेल आणि विकतचे तूपच असेल, तर शंभर ग्रॅम तुपाला मोठा चमचाभर दूधपावडर मंद आचेवर बदामी करून घेतली तरी काम भागते. फक्त पावडर फार लवकर रंगते, तेव्हा तिला आचेवर एकटी सोडू नये.