विमान-अवकाश कंपनीचा शेअर: चार्ट पाहायचा की पी/ई?

संरक्षण आणि अवकाश क्षेत्राची बातमी आली की व्हॉट्सॲपवर लगेच एखाद्या शेअरचा चार्ट फिरू लागतो. रेषा वर चढलेली, खाली ‘रॉकेट’चा इमोजी. पण उत्साहाने पैसे लावण्याआधी चार गोष्टी तपासता येतात. उदाहरण आपल्या जवळचेच घेऊ: पारस डिफेन्स अँड स्पेस टेक्नॉलॉजीज. नेरूळ आणि अंबरनाथ इथे काम करणारी ही कंपनी संरक्षण आणि अवकाश क्षेत्रासाठी भिंगे, आरसे, इलेक्ट्रॉनिक्स आणि जड यांत्रिक भाग बनवते.

तेव्हा काय झाले होते?

सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीचा आयपीओ १७५ रुपयांना आला. मागणी तब्बल ३०४ पट होती. १ ऑक्टोबरला शेअर बीएसईवर ४७५ रुपयांना उघडला आणि त्याच महिन्यात १,२०० च्या पुढे गेला. २०२२ मध्ये मात्र भाव त्याच्या निम्म्याच्या आसपास आला होता.

पी/ई म्हणजे काय?

समजा, आगाशीतली एक केळीची वाडी खर्च वजा जाता वर्षाला २ लाख रुपये देते आणि मालक ४० लाख मागतो. म्हणजे तुम्ही वर्षाच्या कमाईच्या २० पट किंमत मोजता. हाच पी/ई: शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा.

पारसचा २०२०-२१ चा नफा सुमारे १५.८ कोटी होता आणि आयपीओनंतरचे शेअर सुमारे ३.९ कोटी. प्रति शेअर नफा साधारण ४ रुपये. त्यावरून:

- १७५ रुपयांना पी/ई सुमारे ४३
- ४७५ रुपयांना सुमारे ११७
- १,२०० रुपयांना सुमारे ३००

१,२०० रुपये भाव ४० च्या पी/ईत बसायचा तर नफा सुमारे ११७ कोटी हवा होता, म्हणजे सातपटीहून जास्त. २०२१-२२ मध्ये नफा सुमारे २७ कोटी झाला. वाढ उत्तमच, तरीही भाव पडला, कारण भावात त्याहून कितीतरी मोठी अपेक्षा आधीच धरलेली होती. चांगली कंपनी आणि चांगला भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे २०२२-२३ मध्ये नफा ३६ कोटींच्या घरात गेला आणि २०२३-२४ मध्ये ३० कोटींवर उतरला. म्हणून एका वर्षाच्या वाढीवरून पुढची दहा वर्षे मोजू नका.

चार्टमध्ये काय पाहायचे?

- २०० दिवसांची सरासरी: भाव या रेषेच्या खूप वर असेल तर तेजी बरीच ताणलेली असू शकते. नव्याने नोंदणी झालेल्या शेअरला २०० दिवसांचा इतिहासच नसतो, तिथे ही रेषा कामाची नाही.
- व्हॉल्यूम: भाव वाढताना उलाढालही वाढते आहे का? थोड्याशा खरेदीवर उडालेला भाव थोड्याशा विक्रीवर खालीही येतो.
- स्प्लिट: पारसने २०२५ मध्ये १० रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे ५ रुपयांचे दोन केले. त्यामुळे आजच्या चार्टवर जुने भाव निम्मे दिसतात. जुना आकडा आणि नवा चार्ट यांची गल्लत करू नका.

चार्ट फक्त लोक कसे वागले ते दाखवतो. कंपनीने किती कमावले, ते त्यात दिसत नाही.

या क्षेत्रात आणखी काय तपासावे?

- ऑर्डर बुक: हातातल्या ऑर्डरी वर्षाच्या विक्रीच्या किती पट आहेत आणि किती वर्षांत पूर्ण होणार? ऑर्डर म्हणजे नफा नव्हे.
- येणी: मोठे ग्राहक सरकारी असल्याने पैसे उशिरा येऊ शकतात. नफा कागदावर दिसतो, पण कामकाजातून रोकड येते का, हे ‘कॅश फ्लो’मध्ये पाहा.
- तुलना: पी/ई त्याच क्षेत्रातल्या कंपन्यांशी आणि त्याच कंपनीच्या मागच्या वर्षांशी ताडून पाहा. बँकेशी तुलना निरर्थक.

हे सगळे आकडे बीएसई-एनएसईच्या संकेतस्थळांवर आणि कंपनीच्या वार्षिक अहवालात फुकट मिळतात. पुढच्या वेळी ‘रॉकेट’चा चार्ट आला की पाठवणाऱ्याला एकच विचारा: या भावाला शोभायला नफा किती पट व्हावा लागेल?

(हा लेख माहितीसाठी आहे, गुंतवणुकीचा सल्ला नाही.)