बर्फावरील हॉकी आणि प्रौढ नवशिका

बंगळूरच्या हवेची थंड म्हणून दक्षिणेत मोठी ख्याती आहे. परंतु त्या ख्यातीलाही मर्यादा आहे. त्या शहरात नोंदले गेलेले सर्वांत कमी तापमान ७.८ अंश सेल्सिअस असून ते १३ जानेवारी १८८४ या दिवशीचे आहे. म्हणजे बंगळूर ज्या दिवशी सर्वांत अधिक गारठले, त्या दिवशीही तेथील तळ्यावर बर्फाचा पापुद्रा धरणे शक्य नव्हते. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८८२ साली, म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडियार यांनी शहराच्या पूर्वेस दिलेल्या जमिनीवर, डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने युरेशियन व अँग्लो-इंडियन कुटुंबांची एक वसाहत वसू लागली. शेतीवर निर्वाह करण्याच्या कल्पनेने उभी राहिलेली ही वसाहत म्हणजेच व्हाइटफील्ड. गेल्या शतकाच्या अखेरीस तेथे संगणक-उद्योगाचे तंत्रनगर उभे राहिले, २०२३ साली मेट्रो रेल्वे तेथवर पोहोचली, आणि पुणे, सांगली, कोल्हापूर, बेळगाव अशा गावांहून आलेली मराठी कुटुंबे तेथील उंच इमारतींत राहू लागली.

या उद्योगातील माणसांचा कामानिमित्त टोरांटो, बोस्टन किंवा मिनियापोलिस अशा शहरांशी संबंध येतो. तेथील दीर्घ हिवाळ्यात त्यांना एक नवल दिसते. दिवसभर कचेरीत शेजारी बसणारा, केस पिकू लागलेला सहकारी रात्री दहा वाजता मोठी पिशवी खांद्यावर टाकून बर्फावरील हॉकी खेळावयास जातो. तो काही नामांकित खेळाडू नव्हे. कित्येकदा तर त्याने हा खेळ तिशी उलटल्यावरच आरंभिलेला असतो. मग साहजिकच प्रश्न उठतो: ज्याने जन्मात गोठलेले तळे पाहिले नाही, अशा चाळिशीच्या मनुष्यास हा खेळ शिकता येईल काय? आणि व्हाइटफील्डसारख्या ठिकाणी तो आरंभावयाचा तरी कसा?

प्रथम खेळाचे स्वरूप पाहू. आपल्याकडे हॉकी म्हटले की ध्यानचंदांची मैदानी हॉकी डोळ्यांसमोर येते. बर्फावरील हॉकी तिची बहीण खरी, पण स्वभावाने निराळी. मैदानी हॉकीत एका बाजूस अकरा खेळाडू असतात. येथे गोलरक्षक धरून सहा. चेंडूऐवजी कठीण रबराची एक चपटी चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. तिचा व्यास ७.६२ सेंटीमीटर, जाडी २.५४ सेंटीमीटर आणि वजन १५६ ते १७० ग्रॅम. सुमारे ६० मीटर लांब आणि ३० मीटरपर्यंत रुंद अशा बर्फाच्या अंगणास चारी बाजूंनी फळ्यांचे कुंपण असते. चकती त्या फळ्यांवर आपटून परत खेळात येते, त्यामुळे खेळास उसंत म्हणून नसते. मैदानी हॉकीत काठीची एकच बाजू वापरावी लागते. येथे दोन्ही बाजू चालतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव असतात. मात्र एक खेळाडू सलग पाऊण-एक मिनिटच बर्फावर राहतो, मग दुसरा त्याची जागा घेतो. छपराखाली, ठरलेल्या नियमांनी खेळला गेलेला पहिला सामना ३ मार्च १८७५ रोजी कॅनडातील माँट्रियल येथे झाला, असे या खेळाचा इतिहास सांगतो.

या खेळाचे सर्व रहस्य बर्फाच्या निसरडेपणात आहे. बर्फ निसरडा का, या साध्या प्रश्नाने शास्त्रज्ञांना दीर्घकाळ विचारात पाडले. पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो व त्या पाण्यावरून माणूस घसरतो, असे स्पष्टीकरण एकोणिसाव्या शतकात पुढे आले आणि पाठ्यपुस्तकांतून रूढ झाले. पण माणसाच्या भाराने पडणारा दाब बर्फाचा द्रवणांक फार थोडा खाली आणतो. कडक थंडीतील घसरणे त्याने उलगडत नाही. १९३९ साली बोडन आणि ह्यूज यांनी घर्षणातून निर्माण होणाऱ्या उष्णतेकडे लक्ष वेधले. त्याच्या कितीतरी आधी, १८५० च्या सुमारास, मायकेल फॅरडे यांनी असे सुचविले होते की गोठणबिंदूच्या खालीदेखील बर्फाच्या पृष्ठभागावर द्रवासारखा अतिशय पातळ थर असतो. आज या थरास आणि घर्षणास मिळून निसरडेपणाचे श्रेय दिले जाते.

पण नुसते घसरून खेळ होत नाही; वळावे लागते, थांबावे लागते. त्यासाठी बुटाखालचे पाते तळाशी लांबट पन्हळीसारखे पोखरलेले असते, त्यामुळे त्यास आतली आणि बाहेरची अशा दोन धारा येतात. पाते सरळ ठेवले तर माणूस घसरतो. ते कलते करून धार रोवली की बर्फ त्यास धरून ठेवतो. घसरणे आणि धरणे यांचा हा मेळ साधणे म्हणजेच स्केटिंग येणे. धार बोथट असेल तर निष्णात खेळाडूही अडखळतो. म्हणून नवशिक्याने स्वतःस दोष देण्यापूर्वी पात्यांची धार तपासून घ्यावी.

लहान मूल हा मेळ खेळता खेळता शिकते. प्रौढास तो समजून शिकावा लागतो. मुलाचा गुरुत्वमध्य जमिनीजवळ असतो, वजन थोडे असते, आणि मुख्य म्हणजे पडण्याची त्यास लाज नसते. प्रौढ मनुष्य उंचावरून पडतो, त्याची हाडे सहजासहजी जुळत नाहीत, आणि आपण पडलो हे कोणी पाहिले तर नाही, इकडेच त्याचे अर्धे लक्ष असते. भीतीने तो पाय ताठ ठेवतो, मान खाली घालून पायांकडे पाहतो आणि मागे रेलतो. या तिन्ही गोष्टी पडण्यास कारणीभूत होतात. खरी ठेवण आपल्या तालमीतील पवित्र्यासारखी आहे: गुडघे वाकलेले, अंग किंचित पुढे झुकलेले, नजर समोर. मल्लखांब आणि कुस्ती शिकविणारे वस्ताद मुलास आधी पडावयास शिकवितात. येथेही पहिला धडा तोच. तोल जातोसे वाटताच अधिक खाली बसावे, कुशीवर पडावे, मनगट टेकून शरीर सावरण्याचा मोह टाळावा, आणि उठताना एक गुडघा टेकून मग दुसरा पाय रोवावा. यानंतर पुढे सरकणे, दोन्ही पायांच्या टाचा बाहेर दाबून थांबणे, वळणे, उलटे जाणे असा क्रम येतो. काठी आणि चकती या त्यानंतरच्या गोष्टी होत. धीराने आठवड्यास एक-दोन वेळा सराव करणाऱ्यास काही महिन्यांत सावकाश खेळात सामील होता येते. कौशल्याची परिसीमा गाठणे हे त्याचे ध्येयच नसते.

कॅनडा आणि अमेरिका या देशांनी अशा लोकांसाठी जी व्यवस्था केली आहे ती विचार करण्याजोगी आहे. तेथे प्रौढांच्या हौशी संघांची विभागणी बहुधा वयापेक्षा कौशल्यावरून होते. त्यामुळे पन्नाशीचा नवशिका पंचविशीच्या नवशिक्याबरोबर खेळतो आणि कोणासच ओशाळे वाटत नाही. व्यावसायिक सामन्यांत दिसणारी अंगावर धडक मारण्याची पद्धत या सामन्यांत निषिद्ध असते. डोक्यास शिरस्त्राण, तोंडापुढे जाळी, खांदे, कोपरे, मांड्या आणि नडग्या यांस जाड आवरणे असे जवळजवळ चिलखतच प्रत्येकाने चढवावयाचे असते. दुसऱ्या दिवशी कामावर जावयाचे आहे, ही जाणीव सर्वांच्या मनात असते आणि तीच या खेळाची खरी पंच असते.

तरीही एक धोका चिलखताने टळत नाही. मिनिटभर सर्वस्व पणास लावून धावणे, मग बसणे, पुन्हा उठून धावणे, हा हृदयावर मोठा ताण असतो. कॅनडात प्रौढ हौशी खेळाडूंच्या हृदयाची जी पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात खेळाच्या भरात या पुरुषांच्या हृदयाचे ठोके व्यायामासाठी योग्य मानलेल्या मर्यादेपलीकडे जातात असे आढळले. दिवसाचे दहा तास खुर्चीत घालविणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात धरावे. आठवड्यातील एका रात्रीच्या खेळाने प्रकृती कमावता येत नाही. उलट त्या खेळासाठी इतर दिवशी चालून-पळून प्रकृती कमवावी लागते. चाळिशी उलटलेल्याने, विशेषतः रक्तदाब, मधुमेह किंवा घराण्यात हृदयविकार असल्यास, वैद्याचा सल्ला घेतल्यावाचून बर्फावर पाऊल ठेवू नये.

आता राहिला बर्फाचा प्रश्न. तो आता केवळ हवामानाचा प्रश्न राहिलेला नाही. नळ्यांतून थंड द्रव खेळवून गोठविलेले बर्फांगण लंडनमध्ये १८७६ सालीच झाले. बर्फाचा पृष्ठभाग खरवडून पुन्हा गुळगुळीत करणारे यंत्र फ्रँक झांबोनी यांनी १९४९ साली उभारले ते कॅलिफोर्नियाच्या उबदार भागात. आपल्या देशात सिमल्याचे अंगण १९२० पासूनचे आहे. तेथे निसर्गच पाणी गोठवितो. देहरादूनचे छपराखालचे अंगण २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधले गेले आणि बराच काळ बंद राहून २०२५ साली पुन्हा गजबजले. परंतु या खेळाचे भारतातील खरे माहेर लडाख. तेथील गोठलेल्या तळ्यांवर, हिवाळ्याच्या जेमतेम दोन-तीन महिन्यांत, या देशाचे बहुतेक खेळाडू घडले. भारताचा महिला संघ २०१६ साली प्रथम आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. २०१७ साली बँकॉक येथे फिलिपिन्सला हरवून त्याने पहिला विजय मिळविला. आणि २०२५ साली संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे आशिया चषकात कांस्यपदक पटकाविले. हिमालयाच्या कन्यांनी हे यश उष्ण कटिबंधातील शहरात आणि वाळवंटातील गावात मिळविले, यातच हवामानाच्या सबबीचे उत्तर आहे.

व्हाइटफील्डच्या रहिवाशास मात्र बर्फाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. १९८० साली मिनियापोलिसच्या स्कॉट आणि ब्रेनन ओल्सन या बंधूंनी एका ओळीत चाके बसविलेल्या स्केट्सचा धंदा सुरू केला, तो उन्हाळ्यात बर्फ नसतानाही हॉकीपटूंचा सराव चालावा याच हेतूने. गुडघ्यांची ठेवण, पायांचा रेटा, काठीचे काम यांतील बरेचसे या चाकांवर शिकता येते. थांबण्याची कला तेवढी बर्फावर नव्याने शिकावी लागते. चाकांवरील स्केटिंग आपल्याकडे चांगले रुजले आहे. २०२३ च्या हांगझौ आशियाई स्पर्धांत भारताच्या पुरुष व महिला संघांनी ३००० मीटर रिलेत कांस्यपदके मिळविली. पुरुषांच्या संघात विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे हे होते. आपली मुले संध्याकाळी जेथे चाकांवर फिरतात, तेथे पालकांनी कठड्याशी उभे राहून पाण्याची बाटली धरण्याऐवजी स्वतः पायांत चाके बांधावीत, एवढाच काय तो बदल हवा.

आणि हाच बदल सर्वांत अवघड आहे. आपल्या समाजात खेळ हा शाळेबरोबर संपतो. त्यानंतर जो खेळतो तो ‘शिंगे मोडून वासरांत’ शिरला असे आपण म्हणतो, आणि या एका म्हणीने कित्येकांची पावले उंबऱ्याशीच थबकतात. व्हाइटफील्डपासून काही तासांच्या वाटेवरील कोडगू जिल्ह्याने मात्र या म्हणीस उत्तर दिले आहे. पांडंडा कुट्टप्पा यांच्या प्रयत्नाने १९९७ साली तेथे कोडव घराण्यांच्या हॉकी स्पर्धा सुरू झाल्या. एका घराण्याचा एक संघ, आणि त्यात तरुण नातवाबरोबर वयस्क आजोबाही काठी घेऊन उतरतात. आजोबांचा तेथे उपहास होत नाही. त्यांच्या उतरण्याने घराण्याची शोभा वाढते.

ज्या मनुष्यास दिवसभर सर्व काही येते असे मानले जाते, त्यास आठवड्यातून एक तास काहीच येत नाही अशा जागी उभे राहणे हितकारक असते. हाताखालच्यांच्या चुका, मुलाच्या परीक्षेतील अपयश, वृद्ध आईवडिलांचे अडखळणे यांकडे तो मग अधिक समजुतीने पाहू लागतो. बर्फ मिळो वा न मिळो, ती समज ज्यास लाभली त्याचे पडणे वाया गेले असे म्हणता येणार नाही.