पाच वॅटची हाक

"म्हैसमाळला एक रात्र तंबू ठोकून राहायचं," असे मी घरात जाहीर केले, तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "बाबा, नुसतं राहायचं, की ते खोकंही बरोबर येणार?"

खोके म्हणजे माझा बिनतारी संच. घरात त्याला कोणी नावाने हाक मारीत नाही. गच्चीवर ताणलेल्या माझ्या तारांत वाळत घातलेली लुगडी अडकू लागल्यापासून तर त्याच्याविषयी कोणी बरे बोललेलेही मला आठवत नाही. खोके येणार, हे मी कबूल केले. शिवाय एक बांबू, एक बॅटरी आणि मोजपट्टीचे तुकडे ठोकलेला एक एरियलही येणार. "म्हणजे सहल खोक्याची, आपण सोबतीला," असा निकाल देऊन आमच्या सौ.नी धपाट्यांचे पीठ मळायला घेतले.

ज्यांना या नादाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा आणि मग स्वतःच्या संचावरून जगातल्या अशाच वेड्यांशी बोलायचे, याला 'हॅम रेडिओ' म्हणतात. त्यातून एक पैसाही मिळवायचा नाही, ही अट. १९२१ साली कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तांनी आपल्या देशात या छंदाचा ओनामा केला. प्रत्येकाला सरकारकडून अक्षरे-आकड्यांची एक खूण मिळते. आपल्याकडची 'व्ही यू' ने सुरू होते. हवेत तेच आपले नाव आणि तेच आडनाव.

आता डोंगर कशाला? तर दोन मीटर लांबीच्या ज्या लहरी हातातल्या लहान संचातून निघतात, त्यांचा स्वभाव साधारण उजेडासारखा. सरळ जातात, मध्ये टेकडी आली की अडतात. मार्कोनीने १८९५ च्या सुमारास आपला संदेश टेकडीपलीकडे पोहोचवला आणि तो पोहोचल्याची खूण म्हणून पलीकडून बंदुकीचा बार काढला गेला, असे सांगतात. पण त्याच्या लहरी लांब होत्या. आमच्या नाहीत. आमचे शहर (सरकारदप्तरी आता छत्रपती संभाजीनगर, माझ्या जिभेवर अजून अधूनमधून औरंगाबाद) पावणेसहाशे मीटरवर, डोंगरांच्या कुशीत बसलेले. गच्चीवरून पाच वॅटचा आवाज टाकला तर तो जवळच्या डोंगराला धडकून तिथेच राहतो. पाच वॅट म्हणजे किती? देवघरातल्या रात्रीच्या दिव्याइतके. म्हैसमाळ मात्र हजार मीटरहून उंच. तिथून लहरींचे क्षितिज नव्वदेक किलोमीटरवर जाते, आणि पलीकडचा माणूसही शिखरावर बसला असला तर दोघांची क्षितिजे जोडली जातात.

पलीकडचा माणूस माझा नाशिकचा मित्र. आठ वर्षांची ओळख. चेहरा अजून पाहिलेला नाही. रविवारी सकाळी साडेआठला तो कळसूबाईच्या माथ्यावर हातातला संच घेऊन उभा राहणार होता. महाराष्ट्रातले सर्वांत उंच ठिकाण, १६४६ मीटर. म्हैसमाळपासून हवाई अंतर दीडशे किलोमीटरहून अधिक. कागदावर मी रेघ ओढून पाहिली होती. वाटेत पृथ्वीची गोलाई आडवी येते, पण तिच्यावरून रेघ पार निघत होती. कागदावर सगळेच निघते.

इंग्लंडात २००२ साली या प्रकाराचा एक खेळच सुरू झाला. आता तो पुष्कळ देशांत खेळतात. शेवटची चढण पायीच चढायची, सामान स्वतः वाहायचे, मोटारीच्या बॅटरीला हात लावायचा नाही, आणि निदान चार जणांशी बोलणे झाले तरच गुण. आम्ही वेरूळ-खुलताबादच्या वाटेने मोटारीतून थेट पठारावर जाऊन उतरलो, तेव्हा त्या हिशेबाने आमचा निकाल शून्य. माझा मित्र मात्र शिड्या चढून जाणार होता.

गिरिजामातेचे दर्शन घेऊन आम्ही तंबू ठोकला. डिसेंबरची थंडी, धपाटे, ठेचा आणि दही. अंधार पडल्यावर दोन झाडांमध्ये वीस मीटर तार बांधून मी चाळीस मीटरच्या पट्ट्यावर कान लावला. या लांब लहरी रात्री आकाशातल्या थरांवरून परतून दूरवर उतरतात. थोड्या वेळात केरळ, बंगाल आणि एक अनोळखी रशियन. चिरंजीव ब्लँकेटमधून म्हणाले, "बाबा, खरं सांगू? हे सगळं मोबाइलवर एका मिनिटात होतं."

मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद ही हॅमबाई अंदमानात संच घेऊन गेली होती, त्सुनामी आली, आणि पोर्ट ब्लेअरहून लोकांची खुशाली तिच्या संचावरून बाहेर पडू लागली. हे सांगावे म्हणून घसा खाकरला. पण त्याआधीच सौ. बोलल्या.

"माझी मावशी औसा तालुक्यात होती, माहीत आहे ना तुला?"

१९९३ चा सप्टेंबर. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होऊन लोक दमून झोपलेले. ३० तारखेला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे घरांच्या दगडमातीखाली गेली. आमचे लग्न होऊन तीन वर्षे झालेली. मावशीच्या गावी फोन लागेना, तारेचे उत्तर येईना. सौ. दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या संध्याकाळी एक अनोळखी गृहस्थ स्कूटरवरून आले. हातात वहीचा फाडलेला कागद. 'मावशी, मुले सुखरूप. घर गेले.' एवढेच. भूकंपाच्या भागात संच घेऊन गेलेल्या हौशी लोकांपैकी कुणीतरी ते रात्री बोलले होते आणि यांनी इथे उतरवून घेतले होते.

"मी म्हटलं, चहा तरी घ्या," सौ. सांगत होत्या. "तर म्हणाले, नको वहिनी, अजून सात घरं आहेत." त्या जरा थांबल्या. "त्या सातांपैकी किती कागदांवर 'सुखरूप' होतं, ते मी विचारलं नाही."

तंबूत कोणी बोलले नाही. पुढे मी परीक्षेसाठी मोर्सचा अभ्यास म्हणून वर्षभर रोज रात्री जेवणाच्या टेबलावर कट्ट-कड्ड करीत असे, त्याला सौ.नी एकदाही नाव ठेवले नव्हते. तारांना ठेवतात, लुगड्यांमुळे. पण त्या कट्ट-कड्डला नाही. हे माझ्या ध्यानात यायला म्हैसमाळची थंडी लागली.

सकाळी सव्वाआठलाच आम्ही पश्चिमेच्या कड्याजवळ हजर झालो. मोजपट्टीचा एरियल मी बांबूला घट्ट बांधला, तोंड पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे. नात नोंदवही घेऊन शेजारी. साडेआठ झाले. मी हाक दिली. नुसती खरखर. आठ पस्तीस. खरखर. आठ चाळीसला चिरंजीवही, न बोलावता, येऊन उभे राहिले. मी बॅटरी तपासली, तार तपासली, कंपनसंख्या पुन्हा पाहिली. शिड्यांवर काही झाले नसेल ना, अशी एक वेडी शंकाही आली.

तेवढ्यात वाऱ्याने सुतळी सैल झाली. एरियल घसरला, तो नातीने झेलला आणि भाल्यासारखा उभा धरला. त्याच क्षणी खरखरीतून माझी खूण ऐकू आली. स्पष्ट, धापा टाकीत, नाशिकच्या हेलात.

कारण इतके साधे की सांगायला लाज वाटते. हातातल्या संचाची काडी उभी असते, म्हणून त्यातली लहरही उभी निघते. ती पकडायची तर आपल्या एरियलच्या काड्याही उभ्या हव्यात. आडव्या धरल्या तर शंभरातला एखादा भागच हाती लागतो. मी मात्र जुन्या टेलिव्हिजनच्या एरियलसारख्या त्या आडव्या बांधून बसलो होतो. तीस वर्षांचा परवानाधारक!

"मी चाळीस मिनिटांपासून ओरडतोय," मित्र म्हणत होता. "इथं वारा फार आहे. देवळाच्या आडोशाला बसलोय. वहिनींना नमस्कार सांगा." सौ. तंबूपाशी होत्या. त्यांनी तिथूनच, जणू त्याला दिसणार आहे अशा बेताने, हात जोडले.

"आजोबा, मी बोलू?"

"परवाना नाही तुला."

"कधी मिळेल?"

"परीक्षेला बसायचं तर बारा वर्षं पुरी व्हावी लागतात."

तिने बोटांवर हिशेब केला. सात महिने. मग पेन्सिल ओली करून तिने नोंदवहीत वेळ, कंपनसंख्या, मित्राची खूण असे नीट लिहिले. घरी आल्यावर मी वही उघडून पाहिली. शेऱ्याच्या रकान्यात तिच्या गोल अक्षरात होते : 'आजोबांनी एरियल आडवा धरला होता.'