उंचावलेल्या पिकअपची थरथर

"रिकामी थरथरते की भरलेली?" पिंपळगाव बसवंतजवळच्या एका गॅरेजात मिस्त्रींनी गाडीवाल्याला पहिला प्रश्न विचारला तो हा. टोमॅटोचे क्रेट वाहणारी पिकअप होती. दोन महिन्यांत क्रॉस दोनदा बदलून झाला होता, चाकांचं बॅलन्सिंग झालं होतं, तरी सत्तर-ऐंशीच्या पुढे गेलं की पायाखालचा पत्रा गुणगुणायचा. "रिकामीच थरथरते मामा. माल भरला की पुष्कळ कमी होतं." मिस्त्रींनी मागच्या चाकाशी वाकून स्प्रिंगच्या पाट्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "जादा पाटा कधी टाकलास?"

गाडी 'लिफ्ट' करणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकेतल्या अवाढव्य टायरांच्या पिकअप येतात. तो शौक तिथलाच, आणि त्यातून उठणाऱ्या थरथरीचा अभ्यासही तिथल्याच गॅरेजांनी जास्त केला. पण माल जास्त बसावा म्हणून आपल्याकडे जो जादा पाटा चढवतात, तोही गाडी उचलतोच. हौस वेगळी, पोटापाण्याची गरज वेगळी. गाडीखालच्या शाफ्टला मात्र दोन्ही सारखंच.

इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून मागच्या आसाच्या हौसिंगपर्यंत नेतो तो प्रोपेलर शाफ्ट. गिअरबॉक्स चासीला बांधलेला, हौसिंग पाट्यांवर वरखाली होणारं. मधला शाफ्ट वाकत नाही, म्हणून त्याच्या टोकांना सांधे लागतात. अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा, त्याच्या चार टोकांवर चार वाट्या, प्रत्येक वाटीत सुईसारखे बारीक रोलर: हा आपला क्रॉस. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६७६ साली छापलेल्या पुस्तिकेत या सांध्याचं वर्णन केलं. ताण आणि लांबी यांचा जो नियम आपण शाळेत शिकतो, तोही याच हूकचा. पिकअपचा पाटा आणि पिकअपचा क्रॉस, दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे, हे मला फार विलक्षण वाटतं. मोटारीत हा सांधा रुजवला क्लॅरेन्स स्पायसरने. कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना त्याने त्यावर काम केलं, १९०३ साली पेटंट मिळवलं आणि पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्डला उत्पादन सुरू केलं. त्याआधी कित्येक मोटारींची चाकं सायकलसारखी साखळीवर फिरत.

या सांध्यात एक उपजत दोष आहे, आणि सगळी गोष्ट त्या दोषाभोवती फिरते. सांधा कोनात असेल तर एका बाजूचा दांडा एकसारखा फिरला तरी दुसऱ्या बाजूचा तसा फिरत नाही. दर फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. मिनिटाला २००० फेरे आणि १० अंशांचा कोन धरला, तर पलीकडचा वेग १९७० ते २०३१ यांमध्ये हेलकावतो. कोन ३ अंशांवर आणला की तो १९९७ ते २००३ एवढाच राहतो. कोन दुप्पट झाला की हेलकावा जवळजवळ चौपट होतो, म्हणून दोन-तीन अंशांची चूकही अंगावर येते.

यावर उतारा म्हणून शाफ्टला दुसरा सांधा. पहिल्याने बिघडवलेलं दुसरा दुरुस्त करतो, पण दोन अटींवर: दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे काटे, एका रेषेत हवेत. कंपनीतून गाडी निघते तेव्हा हा हिशेब जुळलेला असतो. गाडी उचलली की हौसिंग खाली जातं, पाट्यांची कमान बदलते, शाफ्ट हौसिंगला जिथे जोडतो त्या पिनियनचं तोंड फिरतं, आणि हिशेब फिसकटतो.

आता निदान. माझ्या मते खरं कसब इथेच आहे, आणि पाना हातात घ्यायच्या आधी ते दाखवावं लागतं. थरथर गाडीच्या वेगाला बांधलेली आहे की इंजिनाच्या, हे आधी ठरवायचं. मोकळ्या रस्त्यावर ज्या वेगाला त्रास होतो तोच वेग ठेवून खालचा गिअर टाकायचा. इंजिन जोरात फिरू लागलं तरी थरथर तशीच राहिली, तर इंजिन आणि क्लच सुटले; चाक, शाफ्ट, हौसिंग उरले.

उरलेल्यांतून चोर शोधायला साधं गणित पुरतं. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. टायरचा घेर २.४ मीटर असेल तर चाक सेकंदाला नऊएक फेरे घेतं. हौसिंगचं गुणोत्तर ४.१ असेल तर शाफ्ट सेकंदाला ३८ फेरे घेतो. सांध्याचा धक्का फेऱ्यात दोनदा, म्हणजे ७६ वेळा. चाकाचा दोष संथ असतो, स्टिअरिंग किंवा सीट हलवतो. शाफ्टचं बॅलन्स गेलं असेल तर घोगरी घरघर येते. कोन बिघडला असेल तर त्याहून बारीक गुणगुण पत्र्यातून पायाला लागते. ॲक्सिलरेटर दाबला की वाढते आणि सोडला की बदलते, हेही कोनाचं लक्षण, कारण जोर आला की पाटे पिळतात आणि पिनियन नाक वर करतं. जागेवरून निघताना, पहिल्या वीस-तीसच्या वेगात गाडी हबकत असेल, तर दोन तुकड्यांच्या शाफ्टचं सेंटर बेअरिंग आणि तिथला कोन पाहावा. अमेरिकेत टोयोटा टॅकोमा मागून उचलली की हीच तक्रार येते. मग तिथे ते बेअरिंग वॉशर लावून थोडं खाली उतरवतात.

मिस्त्रींनी गाडी सपाट फरशीवर, चाकांवरच उभी ठेवली. जॅकवर हौसिंग लोंबकळतं आणि कोन खोटे येतात. शाफ्ट दोन तुकड्यांचा होता. चुंबकाचं कोनमापक दोन्ही तुकड्यांना चिकटवलं, मग पिनियनच्या फ्लँजला. मधल्या सांध्याला ४ अंश, मागच्याला ७. कागदावर दोन आकडे लिहून त्यांनी गाडीवाल्यापुढे धरले. "तुझे क्रॉस चांगले होते रे. हे दोन आकडे भांडतायत." पाटा आणि हौसिंग यांच्यामध्ये ३ अंशांची पोलादी पाचर बसली. ती उलटी बसली तर ७ चे १० होतात, म्हणून यू-बोल्ट आवळून पुन्हा मोजलं.

क्रॉस तपासायला शाफ्ट उतरवण्याआधी त्यांनी शाफ्टची लांबी कमीजास्त होऊ देणाऱ्या सरकत्या सांध्याच्या दोन्ही भागांवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. ही रेघ न ओढल्यामुळे किती गाड्या नाहक थरथरत असतील! सरकता सांधा एक दात चुकून बसला तरी योक एका रेषेत राहत नाहीत, आणि मग कितीही पाचरी ठोका, उपयोग नाही. क्रॉस हातात फिरवून पाहिला. तो एखाद्या जागी अडखळला तर वाटीत रोलरच्या खाचा पडल्या समजायचं. हा मात्र मऊ फिरत होता.

शाफ्टला गिअरबॉक्सच्या टोकाशी दुहेरी सांधा असेल, तर नियम बदलतो. तिथे पिनियनचं तोंड शाफ्टच्या रेषेतच धरायचं, एक-दोन अंश खाली, म्हणजे जोरावर ते वर आल्यावर सरळ होतं. साध्या शाफ्टच्या गाडीला हाच उपाय केला तर मात्र थरथर वाढते. माहिती अर्धवट ऐकून केलेली ही चूक मी वारंवार पाहिली आहे.

गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, हे आधी पाहून घ्यावं. आणि पाट्यांना हात लावण्यापूर्वी, गाडी रिकामी आणि सपाट जमिनीवर असताना, गिअरबॉक्स, शाफ्ट आणि पिनियन यांचे कोन वहीत लिहून ठेवा. सोबत टायरचं मापही लिहा. पुढे कधी पत्रा गुणगुणू लागला, तर मिस्त्रींच्या हातात आधी ती वही द्या.