टर्बोवर आळ

बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइलचे इंजिन उभ्या जागी धडधडू लागले, की पहिला आळ टर्बोवर येतो. मंद चालीत बिचारा जवळजवळ काहीच करत नसतो! तेव्हा थ्रॉटल मिटलेला असतो आणि त्याच्या पुढच्या नळीतली हवा इंजिन ओढून घेते. ही ओढ व्हॅक्यूम गेजवर दिसते. फोर-स्ट्रोक इंजिनात समुद्रसपाटीला साधारण १७ ते २१ इंच पारा. मात्र दर हजार फुटांना एक इंच वजा करायचा. कोलोरॅडोतले लेडव्हिल दहा हजार फुटांवर. तिथे ९ इंच म्हणजे प्रकृती ठणठणीत. उगाच इंजिन खोलू नका. काटा त्याहूनही खाली स्थिर असेल, तर थंडीने कडक झालेल्या रबरी नळ्या तपासा. चिरेतून मोजमापाबाहेरची हवा आत शिरते, इंधन विरळ पडते. वेग घेतल्यावर त्याच चिरेतून टर्बोची हवा बाहेर फुसफुसते.