चित्ररेषा आणि सत्ता (लेखांक ५) : भिंतीवर वाढलेले शब्द

एकेक करून तयार केलेली स्थिर चित्रे सेकंदाला साधारण चोवीस या वेगाने पडद्यावर दाखवून हालचालीचा भास निर्माण करणाऱ्या कलेला अ‍ॅनिमेशन म्हणतात, आणि या कलेत आपोआप आलेले असे काहीही नसते. कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्या माहितीपटात एखादा न बोलावलेला माणूस किंवा नको असलेली घोषणा चौकटीत शिरू शकते. अ‍ॅनिमेशनपटात मात्र कोणीतरी ठरवून काढल्याशिवाय गवताची काडीही उगवत नाही. त्यामुळे सत्य कोणाच्या ताब्यात असते हा प्रश्न जेव्हा अ‍ॅनिमेशनपट विचारतो, तेव्हा तो प्रश्न त्या पटालाही विचारावा लागतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे जॉन हॅलास आणि जॉय बॅचलर या दांपत्याने ब्रिटनमध्ये तयार केलेला आणि १९५४ साली प्रदर्शित झालेला ‘अ‍ॅनिमल फार्म’. बिहारमधील मोतिहारी येथे १९०३ साली जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४५ सालच्या रूपककथेवर तो आधारलेला आहे. मालकाला हुसकावून लावणारी जनावरे समतेचे नियम भिंतीवर रंगवतात, सत्ता हळूहळू डुकरांच्या हाती एकवटते आणि नियमांना रातोरात शेपटे फुटू लागतात. कोणत्याही प्राण्याने पलंगावर झोपू नये, या नियमाला पुढे चादरीची अट चिकटते. हत्येला मनाई करणाऱ्या नियमात ‘विनाकारण’ या अर्थाची भर पडते. पुस्तकाच्या वाचकाला मूळ नियम आठवण्यासाठी पाने उलटता येतात. प्रेक्षकाला ती सोय नसते, पण त्याने मूळ भिंत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असते. म्हणून वाढवलेले शब्द पडद्यावर दिसताच तो या लबाडीचा साक्षीदार ठरतो, आणि या प्रसंगात चित्रपट पुस्तकाच्याही पुढे गेला आहे, असे म्हणावे लागते.

कथेतील बेंजामिन हे गाढव या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पात्र आहे. त्याला वाचता येते, भिंतीवरचा फरक त्याला कळतो, तरीही तो बोलत नाही. मराठीत अशा वागण्याला वेड पांघरून पेडगावला जाणे म्हणतात. (म्हणीतील पेडगाव सामान्यतः भीमाकाठचे, श्रीगोंदा तालुक्यातील मानले जाते.) पण त्याच नावाच्या, परभणी जिल्ह्यातील पेडगावच्या इतिहासाकडे पाहिले, तर हे वेड नेहमी भित्रेपणाचेच असते असे नाही, हे ध्यानात येते. हे गाव १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, जेथे ‘गश्ती निशान ५३’ या फर्मानान्वये जाहीर सभेसाठी सरकारची आगाऊ परवानगी काढावी लागे आणि सरकारला न रुचणाऱ्या वृत्तपत्रांवर बंदी येई. अशा राजवटीत गप्प राहिलेल्या माणसाला काही कळत नव्हते असे समजणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

ऑर्वेल यांनी कथेचा शेवट कडू ठेवला होता : खिडकीतून आत पाहणाऱ्या जनावरांना डुक्कर कोणते आणि माणूस कोणता, हे ओळखता येईनासे होते. चित्रपटात हा शेवट बदलला. तेथे माणसे शेवटच्या प्रसंगातून काढून टाकली आहेत, बेंजामिनच्या पुढाकाराने जनावरे पुन्हा उठाव करतात आणि डुकरांची सत्ता उलथते. अमेरिकी निर्माता लुई द रोशमाँ यांच्यामार्फत या चित्रपटाला अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेचा पैसा मिळाला होता, हे नंतर उघड झाले. ऑर्वेल यांची टीका डुकरांवर होती तशीच त्यांच्याशी हातमिळवणी करणाऱ्या माणसांवरही होती. शीतयुद्धाच्या काळात त्यातील पहिला अर्धा भाग उपयोगाचा होता आणि दुसरा अडचणीचा. भिंतीवर शब्द वाढवणाऱ्यांची कथा सांगताना कथेतूनच काही पुसले गेले, ही गोष्ट क्लेशदायक आहे आणि चित्रपटाच्या कलागुणांचे कौतुक करताना ती नजरेआड करता येत नाही.

महाराष्ट्रातही या कलेची सुरुवात जुनी आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘आगकाड्यांची मौज’ १९१५ सालचा आणि प्रभातचा ‘जंबूकाका’ १९३४ सालचा. मात्र तिला संस्थेचा आधार मिळाला तो मुंबईत १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या चित्रपट विभागात. या विभागात १९५६ साली व्यंगपट कक्ष सुरू झाला, डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स अमेरिकी साहाय्य योजनेतून शिकवण्यासाठी आले, आणि राम मोहन यांच्यासारखे चित्रकार तेथे घडले. परवान्याच्या अटीमुळे चित्रपटगृहांना मुख्य खेळाबरोबर सरकारमान्य लघुपट दाखवणे बंधनकारक होते. त्यामुळे हे पट प्रेक्षकाने निवडलेले नसत, ते त्याच्यापर्यंत पोहोचवले जात. कुटुंबनियोजन, अल्पबचत, आरोग्य अशा विषयांवर त्यांत नर्मविनोद असे आणि कारागिरीही मोठी असे, परंतु त्यांचा रोख मुख्यतः नागरिकाच्या सवयींकडे राही. मंत्र्याची खोड काढण्याचे काम वृत्तपत्रांतील व्यंगचित्रकारांनी केले, कारण त्यांच्या कागदाचे आणि शाईचे पैसे सरकार देत नव्हते.

आणीबाणीत मात्र वृत्तपत्रांवरही पूर्वनियंत्रण आले, म्हणजे छापण्याआधी मजकूर तपासून घेणे सक्तीचे झाले, आणि अमृत नाहटा यांच्या ‘किस्सा कुर्सी का’ या उपहासपटाच्या प्रती जप्त करून जाळण्यात आल्या. त्या प्रकरणाचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.