पोराची शी-शू : घाई नको, हयगयही नको



ऊस, खत, पाणी आणि उतारा या विषयांवर आपण या अंकातून नेहमीच बोलतो. या वेळी घरातला विषय घेत आहोत. विषय वाचून काही मंडळी हसतील; पण ज्यांच्या घरी दोन-अडीच वर्षांचा नातू आहे, ती हसणार नाहीत. लहान मुलग्याला शी-शूची सवय कशी लावावी, हा तो विषय.

आपल्या भागातील कितीतरी घरांचे एक टोक आता नव्या मुंबईत आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. १९८१ साली मुंबईचा कांदा-बटाटा बाजार वाशीला आला, मागोमाग इतर बाजार आले आणि सातारा-सांगलीकडची माथाडी मंडळी कोपरखैरणे, घणसोली भागात स्थिरावली. मुले शिकली, नोकरीला लागली. सुनाही कामावर जाऊ लागल्या. मग नातू सांभाळायला गावाकडची आजी जाऊ लागली. गावात अंगण होते, परस होते. तिथे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक संडास.

आणि तंटा इथेच सुरू होतो. सून बाळाला दिवसभर डायपर घालते, कारण तिला साडेआठची लोकल गाठायची असते. आजी म्हणते, “आमच्या टायमाला सहा महिन्याचं पोर पायावर बसत हुतं. ही कसली थेरं?” मधल्यामध्ये पोराला दोन्हीकडून दम मिळतो.

आम्हाला वाटते, यात दोघींचेही थोडे थोडे बरोबर आहे. पाय पसरून, दोन्ही पावलांवर बाळाला बसवून तोंडाने ‘सुस्स’ करायचे, ही आपली जुनी रीत चांगलीच आहे. बाळाची वेळ आजीला कळते, दुपटी कमी भिजतात आणि शी-शूला एक ठराविक जागा असते, हे बाळाच्या अंगवळणी पडते. मात्र त्या वयात बाळाला धरून ठेवता येत नाही. तो ताबा साधारण दीड वर्षानंतर हळूहळू येऊ लागतो. उलट, अष्टौप्रहर डायपरमध्ये असलेल्या मुलाला आपण ओले झालो हेच नीट कळत नाही. म्हणून प्रवासाला डायपर ठीक. घरी दिवसा मात्र साधी चड्डी बरी.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली १,१७० मुलांवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या पाहणीत मुले दिवसा कोरडी राहायला लागली ती सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांची झाल्यावर. आणि मुलग्यांना मुलींपेक्षा सुमारे अडीच महिने जास्त लागले. तेव्हा शेजारची पोरगी शिकली आणि आपला दांडगोबा अजून ओला, म्हणून त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. आडसाली ऊस बाराव्या महिन्यात तोडला तर उतारा बसणारच; त्यात उसाचा काय दोष?

पोर तयार झाले हे ओळखायचे कसे? दोन-दोन तास चड्डी कोरडी राहते. शी आली की ते कोपऱ्यात किंवा दाराआड जाते. ‘शू’, ‘शी’ असे शब्द बोलते. चड्डी खाली ओढू पाहते. ही लक्षणे दिसली की सुरुवात करावी.

सकाळी न्याहारीनंतर आणि जेवणानंतर पाच मिनिटे बसवावे, कारण पोटात अन्न गेले की आतड्यांची हालचाल वाढते. कमोड असेल तर पायांखाली पाट द्यावा. लोंबत्या पायांनी मुलाला जोर करता येत नाही आणि पडण्याची भीतीही वाटते. फ्लशच्या आवाजाला काही मुले घाबरतात; त्यांना बाहेर काढून मग पाणी सोडावे. मुलग्याने आधी दोन्ही गोष्टी बसूनच शिकाव्यात, उभे राहणे मागाहून. ते शिकवणे बापाचे काम आहे. बापाने “हे बायकांचं खातं” म्हणून अंग काढून घेऊ नये.

चड्डीत झाले तर मारू नये, चारचौघांत हसू नये. भीतीने मूल शी दाबून धरते, मग खडा होतो, दुखते आणि ते अधिकच दाबते. भाजी, केळे, पाणी पोटात जाऊ द्यावे. नुसत्या दुधावर पोर ठेवू नये. अंघोळीच्या वेळी मुलग्याची पुढची कातडी जोराने मागे ओढू नये. या वयात ती घट्ट असणे स्वाभाविक आहे. रात्री अंथरूण ओले होणे पाच-सहा वर्षांपर्यंत पुष्कळ मुलांत चालते. पण धार बारीक किंवा थेंबथेंब येत असेल, शू करताना मूल कण्हत असेल, किंवा कोरडे राहू लागलेले मूल पुन्हा भिजवू लागून सारखे पाणी मागत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

“तान्ह्या पोराची शी, तिचा कसला विटाळ?” असे आपल्याकडे म्हणतात. पण जुलाब आणि काविळीचे जंतू त्या शीतूनही पसरतात. ती संडासातच टाकावी, गटारीत नव्हे. डायपर मात्र कमोडमध्ये टाकू नये. कागदात गुंडाळून वेगळा द्यावा. त्यानंतर आपले आणि पोराचे हात साबणाने धुवावेत.

आता मुख्य मुद्दा. मुलीला आपण लवकर आडोसा शिकवतो. मुलग्याला मात्र सोसायटीच्या भिंतीशी, रिक्षाआड, कुठेही उभे करतो. सून म्हणते, “आत्या, तिथं नका ना!” उत्तर येते, “अगं, पोरगाच हाय की!” या तीन शब्दांनी जे शिकवले जाते ते पोरगा विसरत नाही. तोच पुढे बाप्या होऊन पुलाखाली, एस. टी. स्टँडच्या मागे उभा राहतो. नवी मुंबई २०२०, २०२२ आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरी आली. ती स्वच्छता पहाटे झाडू मारणाऱ्या कामगारांच्या कष्टांवर उभी आहे. आपल्या नातवाने त्यांचे काम वाढवू नये.

गावाकडेही आता सबब राहिलेली नाही. २०००-०१ साली राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, २०१४ साली स्वच्छ भारत अभियान आले आणि गावोगाव शौचालये बांधली गेली. दिवाळीला नातू गावी येईल, तेव्हा तिकडे लागलेली सवय इकडे मोडू नका. “जा, गोठ्यामागं कर,” असे आजोबांनी म्हणू नये. त्याचे बोट धरून संडासाकडे न्यावे आणि दाराशी उभे राहावे. नवी जागा आहे, पोर बिचकेल.